एन्क्लोज्ड स्पेस आणि कन्फाइन्ड स्पेस : दोन्ही 'बंदिस्त जागा'च का?

शब्दखूण :

सुरक्षा-सूचनांचे मराठी मसुदे चाळले तर 'एन्क्लोज्ड स्पेस' आणि 'कन्फाइन्ड स्पेस' या दोन्हींना सरसकट 'बंदिस्त जागा' लिहिलेलं दिसतं. शब्दकोशात पाहावं तर पहिली म्हणजे चहूबाजूंनी वेढलेली जागा, दुसरी म्हणजे कोंडलेली, हालचालीला वाव नसलेली. तेवढ्यावर भागत नाही. जहाजाच्या परमिटवर (आत उतरायच्या लेखी परवान्यावर) पहिला शब्द असतो, कारखान्याच्या परमिटवर दुसरा, आणि गोदीत दुरुस्तीला लागलेल्या जहाजावर दोन्ही.

हा फरक नुसता उद्योगाउद्योगातल्या बोलीचा आहे की व्याख्येचा? उघड्या तोंडाची विहीर कुठल्या शब्दात बसते? जहाजाच्या पंधरा मीटर खोल, ऐसपैस होल्डला (माल भरायच्या पोकळीला) 'कन्फाइन्ड' कसं म्हणायचं? आणि आत उतरणाऱ्या माणसासाठी या नावाने काही बदलतं का? जाणकारांनी कृपया तपशिलात लिहावं.

नांगरसाखळी :

जहाजापुरतं सांगतो. तिथे शब्द एकच, एन्क्लोज्ड स्पेस. आधार आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा, ठराव ए.१०५०(२७), नोव्हेंबर २०११ (२०२५ मध्ये त्याच्या सुधारित शिफारशी आल्या, मी लिहितो ते २०११ च्या ठरावाबद्दल). त्यात तीन खुणा दिल्या आहेत : आत-बाहेर करायला मोजकीच तोंडं, अपुरं वायुवीजन, आणि माणसाने सतत काम करत राहावं म्हणून न बांधलेली जागा. यातली कुठलीही एक लागू पडली की जागा एन्क्लोज्ड. मराठीत उतरवताना या 'कुठलीही एक'चं 'आणि' झालं, तर निम्म्या जागा यादीतून गळतील.

ठरावातच उदाहरणं आहेत : मालाची होल्ड, डबल बॉटम (जहाजाच्या दुहेरी तळातली पोकळी), इंधनाच्या आणि बॅलास्टच्या (तोल राखायच्या पाण्याच्या) टाक्या, टँकरची पंप रूम, कॉफरडॅम (दोन टाक्यांमधला रिकामा कप्पा), चेन लॉकर (नांगराच्या साखळीची कोठडी), व्हॉइड स्पेस, डक्ट कील, बॉयलर, इंजिनाचं क्रँककेस, स्कॅव्हेंज एअर रिसीव्हर, मैल्याची टाकी. पंप रूममध्ये पंखे असतात, माणसं ये-जा करतात, तरीही ती यादीत आहे. होल्ड केवढं मोठं आहे याला यात काहीच किंमत नाही, हे शब्दखूण यांच्या प्रश्नाचं उत्तर.

आणखी एक भाग मराठी मसुद्यांत हमखास सुटतो : 'लगतच्या जोडलेल्या जागा'. होल्डमध्ये उतरायची शिडी ज्या कोठडीतून जाते तिथे माल नसतो. पण होल्डमधली हवा तिच्यात झिरपलेली असते. कोळसा, लाकडाचे ओंडके, वुड पेलेट्स, भंगार लोखंड, सल्फाइडयुक्त खनिजं असा माल ऑक्सिजन खातो. होल्ड बंद, हॅच (होल्डवरचं मोठं झाकण) बंद, आणि माणूस फक्त शिडीच्या कोठडीचं झाकण उघडून दोन पायऱ्या उतरतो. जीव जायला तेवढं पुरतं.

नुसत्या रिकाम्या पोलादी टाकीतही हेच होतं. गंज चढणं म्हणजे लोखंडाने हवेतला ऑक्सिजन घेणं. ओलसर बॅलास्ट टाकी किंवा चेन लॉकर बराच काळ बंद राहिलं की आतला ऑक्सिजन घटतो. वास नाही, धूर नाही, कुठली खूण नाही.

लोटे_सेफ्टी :

कारखान्यात शब्द कन्फाइन्ड स्पेस, आणि फरक व्याख्येचाच आहे. अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा, नियम १९१०.१४६, साल १९९३, याच्याही तीन अटी : माणूस अख्खा आत जाऊन काम करू शकेल एवढी जागा, ये-जा करायला मर्यादित वाट, आणि सततच्या वावरासाठी न बांधलेली. पण इथे तिन्ही एकदम लागू व्हाव्या लागतात. नांगरसाखळी म्हणतात त्याच्या बरोबर उलट. शिवाय ओशाच्या या व्याख्येत वायुवीजनाचा उल्लेखच नाही, आणि आयएमओच्या व्याख्येत 'अख्खा माणूस मावेल' ही अट नाही.

ओशा मग पुढची पायरी घालतं, 'परमिट लागणारी कन्फाइन्ड स्पेस'. चारपैकी एक धोका असला की परमिट : हवा घातक असणं किंवा होण्याची शक्यता, माणूस गाडला जाईल असा माल (धान्य, सिमेंट, फ्लाय अॅश), आतल्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या भिंती किंवा उतरती जमीन, जिथे माणूस अडकून गुदमरेल, जसं हॉपर (माल खाली सोडायचं निमुळतं भांडं) किंवा सायक्लोन (धूळ वेगळी करणारं यंत्र), आणि चौथा, इतर कुठलाही ओळखता येणारा गंभीर धोका, उदाहरणार्थ फिरणारा अॅजिटेटर (टाकीतला माल ढवळणारं यंत्र) किंवा उघडी वीज.

ब्रिटनची १९९७ ची व्याख्या तिसऱ्याच वाटेने जाते. चेंबर, टाकी, व्हॅट, सायलो, खड्डा, चर, पाइप, गटार, धुराडं, विहीर अशी यादी देऊन ती म्हणते, जागेच्या बंदिस्तपणामुळे ठरावीक धोक्यांपैकी एखादा संभवत असेल तर ती कन्फाइन्ड. आग-स्फोट, उष्णतेने किंवा वायूने बेशुद्धी, द्रव चढून बुडणं, वाहत्या कोरड्या मालात गाडलं जाणं, असे ते धोके. म्हणजे तिथे धोका हा व्याख्येचाच भाग.

एकच रिकामी, धुतलेली, सगळे पाइप सोडवलेली टाकी घ्या. आयएमओच्या मोजमापाने एन्क्लोज्ड. ओशाच्या मोजमापाने कन्फाइन्ड, पण कदाचित परमिट नको. ब्रिटनच्या मोजमापाने धोका उरला नसेल तर कन्फाइन्डही नाही. आतल्या माणसाने वेल्डिंग सुरू केलं की ब्रिटनमध्येही ती कन्फाइन्ड होते.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने व्याख्या न करता वर्णन केलं : चेंबर, टाकी, व्हॅट, खड्डा, पाइप, धुराडं 'किंवा अन्य कन्फाइन्ड स्पेस', जिथे वायू, धूर, वाफ किंवा धूळ धोक्याइतकी असण्याचा संभव आहे. तिथे पुरेसं मोठं मॅनहोल किंवा बाहेर पडायची दुसरी परिणामकारक सोय लागायची. सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून दिलेला लेखी दाखला लागायचा. तो नसेल तर श्वसनयंत्र आणि कमरेच्या पट्ट्याला दोर, ज्याचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कलम ३६अ मध्ये आत न्यायच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा होती. २३० व्होल्टचा हॅलोजन टाकीत उतरवलेला दिसला की काम तिथेच थांबवावं.

गोदीकर :

दोन्ही शब्द एकाच पुस्तकात आणि वेगवेगळ्या अर्थाने कुठे येतात, तर ओशाच्या शिपयार्ड नियमांत, भाग १९१५. तिथे कन्फाइन्ड म्हणजे आकाराने लहान आणि वाट अवघड असलेला कप्पा : डबल बॉटम टाकी, कॉफरडॅम. एन्क्लोज्ड म्हणजे 'कन्फाइन्ड सोडून' बल्कहेड (जहाजातल्या उभ्या भिंती) आणि छत यांनी वेढलेली कुठलीही जागा : होल्ड, टाक्या, राहायच्या खोल्या, इंजिन आणि बॉयलरच्या जागा.

बारकाईने वाचा. जहाज समुद्रात असताना खलाशांच्या केबिनला कोणी एन्क्लोज्ड स्पेस म्हणणार नाही. तेच जहाज शिपयार्डात लागलं की या नियमाखाली ती एन्क्लोज्ड स्पेस. याला कारण आहे. दुरुस्तीत वीज, पंखे बंद असतात, खालच्या टाकीवर गॅस कटिंग चाललेलं असतं, वरच्या केबिनमध्ये रंगाचं सॉल्व्हंट उघडं असतं. माझगाव असो की दारूखाना, परदेशी मालकाचं जहाज आलं की त्याच्या कागदांत आयएमओचा 'एन्क्लोज्ड' आणि कंत्राटदाराच्या कागदांत कारखान्याचा 'कन्फाइन्ड' असे दोन अर्थ समोरासमोर येतात. कामाआधीच्या बैठकीत कुठल्या जागेला कुठलं परमिट याची नावनिशीवार यादी करणं हाच उपाय. 'सर्व बंदिस्त जागा' अशी मोघम ओळ लिहिली की ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ घेतला.

ब्रिटिश जहाजांच्या नियमांत तर तिसराच शब्द होता, 'डेंजरस स्पेस', १९८८ पासून. २०२२ च्या नव्या नियमांत त्याच्या जागी 'एन्क्लोज्ड' आला. माझ्या मते जुना शब्द कामगाराला जास्त काही सांगत होता.

शब्दखूण :

'कुठलीही एक' आणि 'तिन्ही' हा फरक कुठल्याच कोशात नाही. धन्यवाद. मग वर छत नसलेली जागा? विहीर, सांडपाणी-प्रक्रियेचा (ईटीपी) उघडा टँक, चर?

कृषी_यांत्रिकी :

विहिरीवर मी लिहितो. भाषेच्या दृष्टीने ती एन्क्लोज्ड नाही, आकाश दिसतं. पण ब्रिटिश यादीत 'विहीर' आणि 'चर' हे शब्द स्पष्ट आहेत, ते उगाच नाहीत. हवा अडवायला छत लागत नाही, जड वायूला भिंती पुरतात. हवेचा सरासरी रेणुभार २९ च्या आसपास, कार्बन डायऑक्साइडचा ४४, हायड्रोजन सल्फाइडचा ३४. दोन्ही तळाशी बसतात. वारा पडलेला असेल तर वरून कितीही उघडं असलं तरी तळ ढवळला जात नाही.

आपल्याकडच्या विहिरींत तीन प्रकार दिसतात. वापरात नसलेला आड : पाला-कचरा कुजून ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, कधी मिथेन. खोदकाम चालू असलेली विहीर : सुरुंगाच्या बारानंतर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मागे राहतात. धूर विरलेला दिसला म्हणजे वायू गेला असं नव्हे, कार्बन मोनॉक्साइड दिसतच नाही. तिसरा प्रकार सर्वांत टाळता येण्यासारखा : पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवणं. इंजिन वर ठेवून पाइप खाली सोडावा, नाहीतर विजेचा सबमर्सिबल वापरावा. धुरांडं पाइपने वर काढलं तरी सांधे गळतात.

गोबरगॅसच्या डायजेस्टरमध्ये तर तिन्ही धोके एकत्र : मिथेन पेटणारा, कार्बन डायऑक्साइड गुदमरवणारा, हायड्रोजन सल्फाइड विषारी. तो रिकामा दिसला तरी तळाचा गाळ ढवळताच अडकलेला वायू सुटतो. सेप्टिक टँकचंही तेच, म्हणून झाकण उघडल्यावर एकदा घेतलेलं मोजमाप गाळ ढवळायला लागल्यावर निरुपयोगी ठरतं.

सांगली-हरिपूरकडची हळदीची पेवंही याच वर्गातली. जमिनीखाली, लहान तोंड, आत साठवलेला माल श्वसन करतो आणि ऑक्सिजन संपवतो. कीड लागत नाही ती त्यामुळेच, आणि पेव फोडल्यावर लगेच उतरायचं नसतं तेही त्यामुळेच. ओशाच्या तिन्ही अटी आणि आयएमओच्या तिन्ही खुणा तिथे लागू पडतात.

मळा :

विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील किंवा मेणबत्ती खाली सोडून बघतात. ज्योत टिकली की उतरायचं. हे पुरेसं नाही का?

गॅसफ्री :

नाही. तीन कारणं. ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनच्या आसपास विझते. त्या पातळीला माणसाची नाडी वाढलेली असते, विचार आणि हालचालीतला मेळ बिघडायला लागलेला असतो. म्हणजे ज्योत विझेपर्यंत थांबणारी परीक्षा फार उशिरा उत्तर देते. दुसरं, हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइडचं जीवघेणं प्रमाण असलं तरी ज्योत छान जळते. तिसरं, मिथेन असेल तर ज्योत सोडणं म्हणजे बार उडवणं. ज्योत विझली तर उतरू नये हे खरं. ज्योत टिकली म्हणजे उतरावं हे खोटं.

वासावरही विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास १ पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खाली येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची संवेदनाच बधिर होते. 'आधी वास येत होता, आता गेला' ही सुटकेची नव्हे, पळून जायची खूण आहे.

मोजायचं ते चार वायूंच्या मीटरने. जहाजावर सोलासच्या (समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) नियमाने १ जुलै २०१६ पासून असं उपकरण ठेवणं बंधनकारक आहे : ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. क्रम पाळायचा : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. कारण ज्वलनशील वायूचा नेहमीचा पेलिस्टर सेन्सर वायू जाळून मोजतो, त्याला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत हायड्रोकार्बन ठासून असलं तरी तो शून्याजवळ आकडा दाखवू शकतो. सिलिकॉनच्या वाफांनी हा सेन्सर मरतो, आणि मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. म्हणून दर दिवशी वापराआधी माहीत असलेला वायू सोडून बम्प टेस्ट करावी.

मीटर बाहेर ठेवून नळी आत सोडत असाल तर वायू नळीतून यायला वेळ लागतो. नळीच्या लांबीचा वेळ अधिक सेन्सर स्थिरावायचा वेळ, असं प्रत्येक पातळीला थांबायचं. वर, मध्ये, तळाशी, आणि साधारण दर सव्वा मीटरला एक मोजमाप. मिथेन हलका, छताशी साठतो. हायड्रोजन सल्फाइड तळाशी. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच, कुठेही. टाकीत आडव्या फळ्या, बाफल, उपकप्पे असतील तर मॅनहोलच्या खालचं मोजमाप फक्त मॅनहोलच्या खालचंच असतं.

लोटे_सेफ्टी :

आकड्यांतही दोन शब्दांमागचे दोन दृष्टिकोन दिसतात. ओशाच्या हिशेबाने ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा २३.५ च्या वर गेला, किंवा ज्वलनशील वायू किमान स्फोटमर्यादेच्या (हवेत ज्या प्रमाणापासून तो पेटू शकतो त्याच्या) १० टक्क्यांवर गेला, की हवा घातक. बरेच लोक यातून '१९.५ पर्यंत चालतं' असा अर्थ काढतात.

नांगरसाखळी :

आणि आयएमओचा ठराव स्थिर २१ टक्के ऑक्सिजन मागतो, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १ टक्क्याहून जास्त नको, विषारी वायू कामाच्या मान्य मर्यादेच्या ५० टक्क्यांहून जास्त नको. ऑक्सिजनच्या पट्ट्यात राष्ट्रीय नियमांना थोडी मुभा आहे, पण रोख स्पष्ट आहे : आतली हवा बाहेरच्या हवेसारखीच हवी. नसेल तर वायुवीजन वाढवा, काही वेळाने पुन्हा मोजा.

गॅसफ्री :

२१ चा आग्रह का, याचं गणित करून पाहावं. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे ढोबळमानाने पाचवा हिस्सा. दुसऱ्या वायूने हवा ढकलून ऑक्सिजन १ टक्क्याने खाली आणायचा तर तो वायू जवळपास ५ टक्के असावा लागतो, म्हणजे ५०,००० पीपीएमच्या घरात. मीटर २०.९ वरून २०.७ वर आला तर परका वायू सुमारे १०,००० पीपीएम असू शकतो. नायट्रोजन असेल तर फार बिघडत नाही. हायड्रोजन सल्फाइड ५०० ते १,००० पीपीएमला मारतो. म्हणून आकडा १९.५ च्या वर आहे हे समाधान नाही. ०.२ कुठे गेला, ते शोधायचं.

पाटबंधारे_मिस्त्री :

मग हवा घालायची कशी? कॉम्प्रेसरची नळी सोडली तर?

लोटे_सेफ्टी :

कॉम्प्रेसरच्या नळीने टाकीतली हवा बदलत नाही, एका कोपऱ्यात फुंकर बसते. आणि ऑक्सिजनचं सिलिंडर तर कधीच सोडू नये, २३.५ टक्क्यांच्या वर कपडे, तेलकट हातमोजे एका ठिणगीने भडकतात. ब्लोअर हवा. ढोबळ सूत्र : जागेचं घनफळ गुणिले साडेसात, भागिले ब्लोअरची ताशी क्षमता. ४ बाय ३ बाय अडीच मीटरची टाकी म्हणजे ३० घनमीटर. ताशी ६०० घनमीटरचा ब्लोअर असेल तर ३० गुणिले ७.५ भागिले ६००, म्हणजे ०.३७५ तास, साडेबावीस मिनिटं. नंतर मोजायचं, आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवायचा. डक्टला वळणं असतील तर ब्लोअरवर छापलेली क्षमता मिळत नाही, वेळ वाढवावा.

डक्टचं टोक तळाजवळ न्यावं. वरच सोडलं तर हवा मॅनहोलपाशीच आत-बाहेर घुमते. ब्लोअरचं तोंड जनरेटरच्या किंवा उभ्या ट्रकच्या धुराकडे नसावं, ही चूक फार होते. आत आर्गन वेल्डिंग असेल तर आर्गन हवेपेक्षा जड, तो तळाशी साठतो. तिथे तळातून हवा खेचून बाहेर काढणारा पंखाही लागतो.

आणि हे सगळं टाकी सर्व पाइपांपासून सोडवल्यावर. बंद केलेला व्हॉल्व्ह म्हणजे आयसोलेशन (टाकी तोडून वेगळी करणं) नव्हे, बंद व्हॉल्व्हही गळतो. फ्लँज (पाइपचा सांधा) सोडून ब्लाइंड (पाइप बंद करणारी तबकडी) टाकायचा, नायट्रोजनच्या लाइनला तर नक्कीच. अॅजिटेटरचा फ्यूज काढून कुलूप, किल्ली आत जाणाऱ्याकडे.

गोदीकर :

वाचवायला उतरणाऱ्यांबद्दल लिहायलाच हवं. कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने १९८६ च्या इशाऱ्यात म्हटलं होतं की कन्फाइन्ड स्पेसमधल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त हे वाचवायला गेलेले असतात. सेप्टिक टँकच्या बातम्यांत एकामागून एक नावं येतात ती याचमुळे. म्हणून बाहेरच्या माणसाचं काम एकच : बाहेर राहणं, संपर्क ठेवणं, मदत बोलावणं, दोराने खेचणं. दीड मीटरपेक्षा खोल सरळ उतार असेल तर ओशा खेचायला यंत्र मागतं, म्हणजे तिवई आणि विंच. बेशुद्ध माणूस नुसत्या हातांनी मॅनहोलमधून निघत नाही. हार्नेस पूर्ण अंगाचा, दोराची कडी पाठीवर वर. कमरपट्ट्याने माणूस दुमडतो आणि तोंडात अडकतो.

नाकावरचा फिल्टरचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. जहाजावरचं ईईबीडी (आणीबाणीतलं छोटं श्वसनसाधन) फक्त निसटायला, किमान १० मिनिटांचं. ते लावून आत शिरणं मनाई आहे. शिरायला सिलिंडरचा पूर्ण श्वसनसंच. सोलासमध्ये १ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी प्रवेश आणि सुटकेचा सराव बंधनकारक आहे, तो तिवई-विंचसकट करावा.

गटार आणि सेप्टिक टँकला तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने योग्य साधनांशिवाय माणूस उतरवणंच गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख ठरवली. तिथे 'परमिट काढू' हा विचार दुसरा, 'जेटिंग-सक्शनची गाडी बोलवू' हा पहिला.

शब्दखूण :

एक शेवटची शंका. जागेचं नाव कायमचं असतं का? उदाहरणार्थ इंजिन रूम.

नांगरसाखळी :

नाही. इंजिन रूम माणसांनी राबायलाच बांधलेली आहे. पण आग लागून कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा सोडली, तर तिच्या घनफळाच्या ३५ ते ४० टक्के वायू भरतो, आणि वायुवीजन करून मोजेपर्यंत ती जागा इतर कुठल्याही टाकीइतकीच घातक असते. याच यंत्रणेने राखलेली सर्व्हर रूमही तशीच. म्हणून जहाजाने आपल्या जागांची यादी जोखीम तपासून करायची आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासायची, असं ठरावातच आहे.

शब्दखूण :

मग मसुद्यापुरतं असं सुचवतो. जहाजाच्या कागदांत 'एन्क्लोज्ड स्पेस' तसाच ठेवावा आणि पहिल्या पानावर 'खालीलपैकी कुठलीही एक खूण' असं ठळक लिहावं. कारखान्याच्या कागदांत 'कन्फाइन्ड स्पेस' तसाच, 'खालील तिन्ही अटी' लिहून. 'अरुंद' हा शब्द दोन्हीकडे टाळावा. मॅनहोलवरच्या पाटीवर मात्र यातला एकही शब्द नको.

लोटे_सेफ्टी :

पाटीबाबत पूर्ण सहमत. 'धोका. परवान्याशिवाय आत उतरू नका. कोणी आत पडला असेल तरी उतरू नका, अमुक नंबरवर कळवा.' नंबर रंगवलेला असावा, चिकटवलेला नको, आणि पाटी झाकणावर न लावता शेजारच्या भिंतीवर किंवा खांबावर. झाकण उघडून बाजूला ठेवलं की त्यावरची पाटी जमिनीकडे तोंड करून पडते.